शेवरवाडीची फौज

“शेवरवाडी,” असं ऋषी म्हणाला आणि दशरथराव ओव्हाळांच्या हातातला चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

दहा वर्षांपूर्वी याच गावाहून त्यांना एक अंतर्देशीय पत्र आलं होतं. अक्षर मोठं, सुटं, लिहायला उशिरा शिकलेल्या माणसाचं. खाली ‘जय भीम. उत्तराची वाट पाहते. कांताबाई साळवे’. दशरथरावांनी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. मग आणखी थोडं वाचून मगच लिहावं असं ठरवलं. वाचन वाढत गेलं आणि उत्तर राहून गेलं. आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींचं त्यांनी असंच केलं होतं.

“हडपसरच्या पुढे, सर,” ऋषी सांगत होता. तो एका बांधकाम कंपनीचा मार्केटिंगचा माणूस. वय तिशीच्या आत, शर्ट कडक इस्त्रीचा. दशरथरावांच्या मुलानं, राकेशनं, त्यांच्या नव्या प्रकल्पात फ्लॅट बुक केला होता आणि बुकिंगच्या वेळी गप्पांत बोलून गेला होता की, माझे बाबा पहिल्या महायुद्धावर लिहितात. तेवढ्यावरून ऋषी येरवड्याच्या या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला होता. मांडीवर माहितीपुस्तिका. गुळगुळीत कागद, त्याला औषधासारखा वास. वर सोनेरी अक्षरांत ‘रेजिमेंट हिल्स’.

“शेवरवाडीला टेकड्या कधी उगवल्या?” ललिताबाईंनी बिस्किटांची बशी ठेवता ठेवता विचारलं.

“कॉन्सेप्ट आहे, काकू.”

“असं होय. मग ठीक आहे.”

राकेशनं आईकडे पाहून डोळे वटारले. ऋषी हसला. असल्या बोलण्याची त्याला सवय असावी.

कॉन्सेप्ट त्यानं समजावून सांगितला. शेवरवाडीच्या पारावर इंग्रजांच्या काळातली एक संगमरवरी पाटी आहे. ‘या गावातून एकतीस माणसे महायुद्धावर गेली. पैकी पाचांनी प्राण दिले.’ पुण्या-साताऱ्याकडच्या कितीतरी गावांत अशा पाट्या आहेत. आकडे कोरलेले, नाव एकही नाही. तर त्या पाटीभोवतीच कंपनीनं सगळा प्रकल्प उभारायचा ठरवलं होतं. प्रवेशद्वाराशी काळ्या ग्रॅनाइटची भिंत, तिच्यावरून पाणी वाहतंय, आणि पाण्याखाली नावं.

“नावांशिवाय इमोशनल कनेक्ट येत नाही, सर. नावं गावातून मिळतायत. आपण फक्त ती बघायची आणि खाली आपलं नाव जाईल. इतिहास संशोधन, दशरथ ओव्हाळ. ग्रॅनाइटमध्ये.”

कॉलेजच्या ग्रंथालयात दशरथरावांची सगळी नोकरी गेली ती दुसऱ्यांच्या नावांची कार्डं लावण्यात. लेख छापून आले ते चार-पाच, तेही रविवारच्या पुरवणीत, जाहिरातींच्या कडेनं. ग्रॅनाइटमध्ये आपलं नाव, या विचारानं त्यांना आतून जरा ऊब वाटली, आणि लगेच त्या उबेची लाजही वाटली.

“बघतो,” ते म्हणाले.

ऋषी गेल्यावर राकेश म्हणाला, “बाबा, ते आपल्याला गार्डन साइड देतायत. आत्ता आपला फ्लॅट मागच्या बाजूला आहे. तुम्ही नुसतं हो म्हणा.”

त्या रात्री त्यांनी कपाटातून ते पत्र काढलं. काढायची गरज नव्हती, पाठ होतं. पुरवणीतल्या एका लेखात त्यांनी हिंदी फौजेची वाढ आणि हानी दाखवली होती. युद्धाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्याही आत असलेली फौज, चार वर्षांत तिच्यात झालेली भरती, मेलेले सुमारे चौऱ्याहत्तर हजार. कांताबाईंनी तो लेख कुणाच्या तरी घरी, डब्याखाली घातलेल्या कागदावर वाचला होता. त्यांनी विचारलं होतं: ‘आमचे आजे संतू मसू हे बसऱ्याला गेले. खेचरे हाकण्याच्या कामावर. परत आले नाहीत. गाव म्हणते पळून गेले. आमच्या पाटीवर पाच मेले असे आहे. त्या पाचांत ते धरले आहेत का, आणि तुमच्या चौऱ्याहत्तर हजारांत धरले आहेत का, ते कळवावे.’

दशरथरावांना हेच सांगता येत नव्हतं. फौजेच्या तक्त्यांत लढणाऱ्यांच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असे, बिनलढणाऱ्यांचा. खेचरं हाकणारे, डोल्या उचलणारे, पाणके, भंगी, रस्ते खोदणारे. भरती झालेल्यांत पावणेनऊ लाखांच्या आसपास लढणारे, तर हे दुसरे साडेपाच लाखांच्या वर. एका पुस्तकात ते मोजलेले, दुसऱ्यात नाहीत. कुठे त्यांच्या मेलेल्यांचा आकडा आहे, कुठे ‘इत्यादी’ आहे. आपल्या जातीच्या माणसांना फौजेची दारं आधी बंद होती, युद्धात माणसं कमी पडल्यावर उघडली, एक पलटणही उभी राहिली, आणि युद्ध संपून दोन-चार वर्षं होत नाहीत तोच मोडलीही. हे सगळं त्यांना माहीत होतं. संतू मसूचं मात्र काहीच माहीत नव्हतं. ‘माहीत नाही’ एवढंच लिहून पाठवणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं होतं.

कंपनीच्या गाडीनं त्यांना शेवरवाडीला नेलं तो दिवस भर उन्हाचा होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्यांची कुंपणं, त्यांवर टेनिस खेळणारी गोरी माणसं. विक्री कार्यालयाच्या दारात दोन तरुण उभे होते. खाकी गणवेश, पायांना पट्ट्या, खांद्यावर लाकडी बंदुका. गाडीतून दशरथराव उतरले तसा दोघांनी खाडकन सलाम ठोकला. एकाच्या कानशिलावरून घामाचा ओघळ चालला होता. तो पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

“व्हिजिटर्सना खूप आवडतं,” ऋषी म्हणाला.

आत काचेखाली प्रकल्पाची प्रतिकृती. इमारतींना नावं होती: बसरा, बगदाद, कूत. राकेशचा फ्लॅट कूतमध्ये होता. दशरथरावांनी ते नाव दोनदा वाचलं.

“हे नाव कुणी सुचवलं?”

“एजन्सीनं. शॉर्ट आहे, कॅची आहे. का, सर?”

“पुण्याची डिव्हिजन तिथे वेढ्यात अडकली होती. उपासमारीनं माणसं मेली. शेवटी घोडी आणि खेचरं मारून खाल्ली. मग शरण गेले. कैदेत नेताना वाळवंटात चालवलं, त्यात आणखी मेले.”

ऋषीनं अतिशय लक्षपूर्वक ऐकलं. “वॉव,” तो म्हणाला. “हे आपण ब्रोशरमध्ये घेऊ. म्हणजे, मेले वगैरे नाही. पण पुण्याची डिव्हिजन, ते घेऊ.”

जेवण वरच्या मजल्यावर होतं. त्या दालनाचं नाव ‘कूत लाउंज’. पांढऱ्या टेबलक्लॉथवर चकचकीत भांडी, खाली निळ्या ज्योती. झाकण उघडलं की वाफ वर येई. मटणाच्या रश्श्यावर तेलाची तांबडी साय तरंगत होती आणि गणवेशातला एक वाढपी वाकून विचारत होता, “सर, नळी देऊ?” दशरथरावांनी ताटलीत भाताचे चार दाणे घेतले आणि तेच इकडून तिकडे करत राहिले.

समोर सोनबापाटील बसले होते. गावातले सगळ्यांत मोठे जमीनदार. प्रकल्पाची निम्मी जमीन त्यांच्या भावकीची. पांढरा सदरा, गळ्यात बोटभर जाडीची साखळी. नावं त्यांनीच जमवली होती. मटण ते मन लावून खात होते.

“बघा सायेब, यादी पक्की हाय,” ते म्हणाले. ऋषीनं लॅपटॉप दशरथरावांपुढे सरकवला.

दशरथरावांनी चष्मा पुसला. मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“पाटीवर एकतीस आहेत. ही चोपन्न आहेत.”

“व्हय.”

“आणि मेलेले पाच. इथे अकरा.”

“सर, पाटी त्या काळातली आहे,” ऋषी म्हणाला. “डेटा अपडेट होतो ना.”

“कशावरून अपडेट झाला?”

ऋषीनं सोनबांकडे पाहिलं. सोनबांनी हाड ताटलीच्या कडेला ठेवलं, बोटं चाटली. “तुमी आपलं मानूस हाय म्हनून सांगतो. पयल्यांदा एकतीसच लिवली हुती. मंग ज्यांची जिमीन अजून सहीला यायचीय, ते आडून बसले. आमच्या आज्याचं नाव का न्हाई? मंग ती घातली. आन आमचा धाकला भाऊ, त्यानं मेन रस्त्याची जागा आडवून धरलीया. त्यो म्हनला, नुसतं नाव नगं, आज्याला शहीद करा, मंग सही.”

“आणि ते आजोबा युद्धात गेले होते?”

“न्हाई न्हाई. मानमोडीच्या तापात मेला. घरीच. पर साल तेच की!” सोनबा मोकळेपणानं हसले. “अठराच. तवा लढाई चालूच हुती.”

ऋषीही हसला. वाढपी पुन्हा आला. दशरथरावांना वाटलं, आपण उठावं आणि बाहेर जाऊन खळखळून चूळ भरावी. युद्ध संपून शंभर वर्षं होत आली होती आणि शेवरवाडीची फौज अजून वाढत होती. सातबारा दाखवील त्याचा आजा भरती होत होता. रस्त्याची जागा देईल त्याचा मरतही होता.

“संतू मसू म्हणून एक होते,” ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच बारीक वाटला. “या गावचे. बसऱ्याला गेले, परत आले नाहीत. त्यांची नात इथेच असते. साळवे.”

सोनबा चावायचे थांबले. “कांतीचा आजा? त्यो कुठं सैनिक हुता? खेचरं हाकाय गेलता. आन तिकडंच ऱ्हायला, बाई ठिवून. समद्या गावाला ठाव हाय.” मग त्यांनी दशरथरावांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “ओव्हाळ म्हंजे तुमी मूळचे कुठले?”

“भोरकडचे.”

“हां,” सोनबा म्हणाले. त्या ‘हां’मध्ये सगळं आलं. यानंतर त्यांच्या बोलण्यात ‘सायेब’ आलं नाही.

ऋषीला काहीतरी बिनसल्याचं कळलं. तो घाईनं म्हणाला, “सर, पॉइंट घेतला. सपोर्ट स्टाफसाठी आपण वेगळी छोटी पाटी करू ना. सर्व्हिस गेटच्या बाजूला. तिथे मेड्स, ड्रायव्हर्स येतात-जातात, त्यांना रिलेट होईल.”

त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं. त्याला ते खरोखरच चांगलं सुचलं होतं. दशरथरावांना किळस आली ती या गोष्टीची.

“मी जरा बाहेर जाऊन येतो,” ते म्हणाले.

साळव्यांचं घर कुणालाही विचारावं लागलं नाही. पत्र्याच्या कुंपणामागे वस्ती सुरू होत होती. पत्र्याच्या पुढच्या अंगाला टेनिस, मागच्या अंगाला गंज आणि वाळत घातलेल्या गोधड्या. पहिल्याच दारावर खडूनं ‘साळवे’ लिहिलेलं, आणि दारात एक म्हातारी मेथीच्या जुड्या बांधत होती.

“कांताबाई साळवे?”

“मीच. कोन पायजे?”

“मी दशरथ ओव्हाळ. येरवड्याहून आलो. तुम्ही मला एक पत्र लिहिलं होतं. त्याला बरेच दिवस...”

म्हातारीनं मान वर करून त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“लवकर आलात,” ती म्हणाली.

तिनं एक पालथं घमेलं त्यांच्यापुढे सरकवलं. “बसा. च्या टाकते.”

“नको. बसा तुम्ही.” ते घमेल्यावर टेकले. “तिथे भिंतीवर नावं घालतायत. तुमच्या आजोबांचं नाव घ्या म्हणून सांगितलं मी. ते तयार नाहीत.”

“ठाव हाय. माज्याकडं काय गुंठाभर तरी हाय का?” जुडीला तिनं काथ्या आवळला. “दादा, मला त्या भिंतीचं काय न्हाई. पानी वाहनार म्हनं तिच्यावरनं. आज्याला तहानेनं मारलं आसंल, आन आता पानी. पर माजी आजी मरस्तवर गाव तिला म्हनत ऱ्हायलं, तुजा नवरा पळपुटा. बसऱ्याला बाई ठिवली. माज्या बापालाबी म्हनलं, पळपुट्याचा. भांडान झालं की पयला शबुद त्योच. अजूनबी म्हनत्यात. म्हनून तुमाला इचारलं. तुमी शिकलेलं. त्यो पाचांत हाय का न्हाई?”

दशरथरावांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले.

मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली.

“आजिबात?”

“अजिबात. मी खूप शोधलं. खेचरांवरच्या माणसांच्या याद्या जशा ठेवायला पाहिजे होत्या तशा ठेवल्याच नाहीत. मेला म्हणून सांगता येत नाही, पळाला म्हणूनही सांगता येत नाही.”

“येवढं कळवायला धा वर्सं?”

“तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं.”

“वाईट वाटाया काय लागतं! ते तर फुकाट वाटतं.” तिनं हातातली जुडी खाली ठेवली. मग एकदम म्हणाली, “आन सोनबाला म्हाईत हाय का, त्याचं पाच कोन ते?”

“नाही.”

“कुनालाच न्हाई?”

“कुणालाच नाही. पाटीवर फक्त आकडा आहे.”

“मंग हेच लिवा की,” ती म्हणाली. “तुमालाबी म्हाईत न्हाई आन त्यान्लाबी म्हाईत न्हाई. सहीनिशी लिवा. मंग त्याला पळपुटा म्हनायचा हक कुनाला ऱ्हाईल?”

इतक्या पुस्तकांत शिरून बाहेर आले होते दशरथराव, पण आपलं ‘माहीत नाही’ कुणाच्या कामी येईल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

“कागद असेल तर आत्ताच लिहून देतो.”

“आत्ता नगं. पोस्टानं धाडा.”

“का?”

“तुमी हातात दिलात तर म्हनतील, म्हातारीनं कुनाकडनं लिवून घेतलं. पोस्टमन नाव घेऊन हाका मारतो, समदी वस्ती बघती.” ती मेथीकडे वळली. “आन आता धा वर्सं लावू नगा. मी काय तेवढी बसत न्हाई.”

घरी आल्यावर त्यांनी ऋषीला फोन केला. आपलं नाव भिंतीवर नको, एवढंच सांगितलं. भाषण करावं असं गाडीत ठरवलं होतं. पण फोनवर त्यांना फक्त “नको, नको, माफ करा” इतकंच जमलं. “नो इशूज, सर,” ऋषी म्हणाला.

राकेश रात्री हिंजवडीहून आला तो सगळं कळूनच.

“बाबा, एक सही होती.”

“ती नावं खोटी आहेत.”

“मग? भिंतीवरच आहेत ना? कोण वाचणारे? लोक तिथे सेल्फी काढतील.” त्यानं बॅग सोफ्यावर टाकली. “आणि त्या माणसाचं म्हणाल तर तो सैनिक नव्हताच. आमच्या ऑफिसात हाउसकीपिंगचे लोक आहेत, सिक्युरिटीचे आहेत, रोज आमच्याआधी येतात. पण ते कंपनीच्या हेडकाउंटमध्ये नसतात. काँट्रॅक्टवर असतात. त्यात अपमान कसला? सिस्टिम असते तशी.”

दशरथरावांनी मुलाकडे पाहिलं. हे वाक्य त्यांनी सरकारी इंग्रजीत कितीदा वाचलं होतं. आपल्याच घरात, आपल्याच मुलाच्या तोंडून मराठीत ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

“त्यातला एखादा ऑफिसात जिना धुताना पडून मेला तर?” त्यांनी विचारलं. “कुणाच्या खात्यात मांडता?”

“काँट्रॅक्टरच्या,” राकेश म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर जरासा थांबला. मग खुर्चीत बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाबा, मी तिथे घर घेतोय कारण तिथे कुणी काही विचारत नाही. कूत, बी विंग, सातवा मजला, संपलं. तुम्हाला माहितीये हे किती बरं वाटतं? आणि तुम्ही जाऊन तिथल्याच पाटलाशी नेमकं तेच उकरून काढलंत.”

मुलाचं अगदीच चुकत होतं असं दशरथरावांना म्हणवेना.

“आता मागची बाजूच राहणार,” राकेश म्हणाला. “खिडकी उघडली की वस्ती.”

“दिसू दे की,” आतून ललिताबाई म्हणाल्या. “वस्तीलाही तुम्ही दिसाल. त्यांनी काय पाप केलंय ते त्यांना विचारा.”

राकेश हसला नाही. जेवलाही नाही.

पुढे दोन-तीन आठवडे दशरथरावांनी काहीच लिहिलं नाही. पेन घेतलं की जुनी खोड आडवी येई: हे वाक्य फार ठाम झालं, ते फार मोघम झालं. मग एका रविवारी वर्तमानपत्राच्या पहिल्याच पानावर भिंतीची जाहिरात आली. पूर्ण पान. पाण्याचे थेंब, त्यांमागे नावं, समोर सलाम ठोकणारे ते दोन तरुण. ‘शेवरवाडीच्या एकसष्ट वीरांना मानाचा मुजरा. त्यांतील चौदा अमर हुतात्मे.’ खाली संशोधक म्हणून कुठल्याशा प्राध्यापकाचं नाव. आणि त्याखाली, तारांकित बारीक टाइपात, मर्यादित फ्लॅट शिल्लक असल्याचं.

चोपन्नाचे एकसष्ट झाले होते. आणखी तीन माणसं मेली होती. दशरथरावांनी हिशेब केला तो इच्छा नसताना, सवयीनं. मग त्यांनी वर्तमानपत्र उलटं करून ठेवलं. हाताला शाई लागली होती, ती त्यांनी साबण लावून दोनदा धुतली. स्वयंपाकघरातून ललिताबाई बघत होत्या.

“काय लागलंय?” त्यांनी विचारलं.

“काही नाही.”

“मग सालटं कशाला काढताय?”

ते टेबलाशी बसले. या वेळी कच्चं लिहिलं नाही.

‘श्रीमती कांताबाई साळवे यांस, सप्रेम जय भीम.

आपले पत्र मला दहा वर्षांपूर्वी मिळाले. आपण विचारलेत की आपले आजोबा संतू मसू हे पाटीवरच्या पाचांत आहेत का. याचे उत्तर, मला माहीत नाही. मी जेवढे वाचले त्यात त्यांचे नाव सापडले नाही. ते मेल्याचा पुरावा मला मिळाला नाही आणि ते पळून गेल्याचाही मिळाला नाही.

पाटीवरचे पाच कोण होते हेही मला माहीत नाही. आपल्या गावात ते कोणालाही माहीत नाही. नवीन भिंतीवर जी नावे कोरली आहेत त्यांची सुरुवातीची यादी मी पाहिली आहे. तिला आधार म्हणून मला एकही कागद दाखवला गेला नाही. त्यांतील एक गृहस्थ गावातच तापाने वारले, असे मला यादी करणाऱ्यांनीच सांगितले.

युद्धावर खेचरे हाकणारी, डोल्या उचलणारी, पाणी वाहणारी लाखो माणसे गेली. ती फौजेबरोबर चालली, फौजेबरोबर उपाशी राहिली आणि मेली. त्यांची मोजणी नीट झाली नाही. माझ्या लेखातल्या चौऱ्याहत्तर हजारांत आपले आजोबा असतील किंवा नसतीलही. त्या आकड्याची खात्री मी आता देऊ शकत नाही.

जो बसऱ्याला गेला आणि ज्याचा पुढे पत्ता लागला नाही, त्याला पळपुटा म्हणण्यास कोणाजवळही आधार नाही, हे मी माझ्या सहीने लिहून देत आहे. कोणास शंका असल्यास त्याने मला खालील पत्त्यावर विचारावे.’

खाली त्यांनी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. ‘निवृत्त साहाय्यक ग्रंथपाल’ असं लिहिलं. सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली.

राकेश बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसला होता. वडील चपला घालताना पाहून म्हणाला, “कुठे? मी सोडतो गाडीनं.”

“नको. इथेच पोस्टात.”

“आज रविवार आहे, बाबा.”

“पेटी असते ना.”

राकेशनं त्यांच्या हातातल्या पाकिटावरचा पत्ता वाचला. लॅपटॉप बंद केला नाही. पण दार त्यानं उठून उघडून धरलं.

पोस्टाच्या फाटकाला कुलूप होतं. पेटी बाहेर भिंतीवर होती, तिचा तांबडा रंग उन्हानं उडालेला. पाकीट अर्धं आत गेल्यावर दशरथरावांचा हात थांबला. तिसऱ्या परिच्छेदातलं एक वाक्य थोडं वेगळं करता आलं असतं. मागून एक रिक्षावाला ओरडला, “काका, येनार का?”

“नाही,” ते म्हणाले आणि बोटं सोडली.

पाकीट खाली पत्र्यावर पडल्याचा आवाज आला. पेटीत दुसरं काही नसावं.